नोकरीच्या लायक नाहीत म्हणजे नेमकं काय? पदवीबद्दल कंपन्या काय म्हणतात, आणि त्यातलं किती खरं



तुमच्याही फॅमिली ग्रुपवर हा मेसेज कधी ना कधी आला असेल: ‘भारतातले ८० टक्के इंजिनिअर नोकरीच्या लायक नाहीत.’ पाठवणारे काका निवृत्त असतात, वाचणारा भाचा शेवटच्या वर्षाला असतो. काका खाली लिहितात, ‘विचार करण्यासारखं आहे.’ भाचा काहीच लिहीत नाही.

आजचा भाग त्या भाच्यासाठी आहे. त्याच्या आईवडिलांसाठी आहे, आणि जमलं तर त्याच्या प्राध्यापकांसाठीही.

हा आकडा आला कुठून? दिल्लीला लागून असलेल्या गुरुग्राममधून. आज आपण दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्याबद्दलच जास्त बोलणार आहोत, त्याला कारण आहे. विद्यापीठांचे नियम करणारा यूजीसी दिल्लीत. इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणारी एआयसीटीई दिल्लीत. उद्योगपतींची फिक्की आणि सीआयआय दिल्लीत. आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉम नोएडात. आणि मुलांची परीक्षा घेऊन ‘लायक’, ‘नालायक’ ठरवणाऱ्या कंपन्या गुरुग्राममध्ये. म्हणजे शिकवण्याचे नियम करणारे, नोकऱ्या देणारे आणि मुलांना मोजणारे, तिघंही मेट्रोच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहेत. तरीही त्यांची एकमेकांबद्दलची तक्रार काही मिटत नाही.

आकडे कोण काढतं?

सुरुवात २००५पासून करू. त्या वर्षी नॅसकॉम आणि मॅकिन्सी यांचा एक अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की परदेशी कंपन्यांची कामं करणाऱ्या आयटी आणि बीपीओ क्षेत्राच्या दृष्टीने आपले सुमारे २५ टक्के इंजिनिअर कामाचे आहेत, आणि साध्या पदवीधरांपैकी १० ते १५ टक्के. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हा हिशोब एका विशिष्ट क्षेत्रापुरता होता. पण पेपरात छापून येईपर्यंत ‘२५ टक्केच इंजिनिअर कामाचे’ एवढंच उरलं.

पुढे गुरुग्राममध्ये अ‍ॅस्पायरिंग माइंड्स नावाची कंपनी उभी राहिली. तिची अ‍ॅमकॅट ही परीक्षा लाखो मुलांनी दिली आहे. २०१६च्या त्यांच्या अहवालात ६५०हून अधिक कॉलेजांतल्या सुमारे दीड लाख विद्यार्थ्यांचा हिशोब होता, आणि निष्कर्ष तोच, तुमच्या ग्रुपवरचा: ८० टक्क्यांहून जास्त इंजिनिअर नोकरीयोग्य नाहीत. २०१७मध्ये त्यांनी आयटीशी संबंधित शाखांच्या ३६ हजार मुलांना प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहायला लावला. ६० टक्क्यांहून जास्त मुलांचा प्रोग्रॅम चालण्याच्या पहिल्या पायरीवरच अडला. बरोबर तर्क लिहिणारे निघाले ४.७७ टक्के. या आकड्यांवर उद्योगातल्याच काही जाणत्या लोकांनी जाहीर आक्षेप घेतला, तेही खरं.

आता गंमत बघा. गुरुग्रामचीच व्हीबॉक्स ही कंपनी ‘इंडिया स्किल्स रिपोर्ट’ काढते. २०१४च्या त्यांच्या पहिल्या अहवालात सुमारे ३४ टक्के तरुण रोजगारक्षम होते. २०२५च्या अहवालात ५४.८१ टक्के. आणि तिथलीच तिसरी कंपनी, मर्सर मेटल, हिच्या २०२५च्या अहवालात हा आकडा ४२.६ टक्के आहे, तोही आदल्या वर्षीच्या ४४.३वरून घसरलेला.

एकाच देशातली, एकाच काळातली मुलं. एका तराजूत निम्म्याहून जास्त पास, दुसऱ्या तराजूत निम्म्याहून कमी. पहिल्या तराजूचा काटा वर चाललाय, दुसऱ्याचा खाली. मग खरं कोण?

कोणी खोटं बोलत नाही. प्रत्येकाची ‘रोजगारक्षम’ या शब्दाची व्याख्या वेगळी आहे, प्रश्नपत्रिका वेगळी आहे, परीक्षा देणारी मुलं वेगळी आहेत. आणि या कंपन्यांचा धंदाच परीक्षा विकण्याचा आहे, हेही विसरू नका. थर्मामीटर विकणाऱ्याने ताप मोजला म्हणून ताप खोटा ठरत नाही. पण एका कंपनीच्या चाळणीत अडकलेल्या मुलाला ‘आयुष्यभर बिनकामाचा’ म्हणणं हा त्या आकड्याचा गैरवापर आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्या तराजूंत सारखी दिसते. मर्सर मेटलच्या यादीत राज्यांमध्ये दिल्ली सगळ्यात वर आहे, ५३.४ टक्क्यांवर. म्हणजे देशात जिथे सगळ्यात बरी स्थिती, तिथेही जवळजवळ निम्मी मुलं मागे राहतात. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या आर्थिक पाहणीनेही, व्हीबॉक्सचाच आकडा घेऊन, हेच म्हटलं: कॉलेजातून बाहेर पडलेल्या दोघांपैकी साधारण एक जण लगेच कामाला लावण्याजोगा नसतो. तेव्हा दुखणं आहे. प्रश्न इतकाच की नेमकं कुठे दुखतंय?

कंपन्यांना थेट विचारलं तेव्हा

आतापर्यंत आपण मुलांच्या मार्कांबद्दल बोललो. मालकांचं मत ही वेगळी गोष्ट. ते जाणून घेण्यासाठी २००९मध्ये जागतिक बँक आणि फिक्की यांनी दीडशेच्या आसपास कंपन्यांना प्रश्न विचारले. त्यावरचा अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. आंद्रेआस ब्लोम आणि हिरोशी साएकी हे त्याचे लेखक. जुना आहे, पण माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात उपयोगी कागद आहे, कारण त्यात ‘किती टक्के’ यापेक्षा ‘नेमकं काय कमी पडतं’ हे विचारलं होतं.

उत्तरं अशी आली. नवे इंजिनिअर घेणाऱ्या ६४ टक्के कंपन्या त्यांच्या दर्जाबद्दल फार तर ‘थोड्याफार समाधानी’ होत्या, किंवा त्याहूनही नाराज. महत्त्वाचं काय वाटतं, या प्रश्नावर बड्या तांत्रिक ज्ञानाच्या आधी आले ते साधे गुण: सचोटी, विश्वासूपणा, इतरांबरोबर काम करणं, शिकायची तयारी, आणि आपलं म्हणणं मांडता येणं.

आता नीट ऐका. आपल्याकडे मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाच्या मनात एक भीती घर करून असते: ‘माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून मी मागे आहे.’ या अभ्यासात कंपन्यांनी इंग्रजीला खूप महत्त्व दिलंय, ते नाकारायचं नाही. पण ‘हवं किती आणि मिळतं किती’ यातली तफावत सगळ्यात कमी कुठे निघाली? इंग्रजीतच. आणि सगळ्यात मोठी खोट निघाली ती वरच्या पायरीच्या विचारात.

वरची पायरी म्हणजे काय? शिक्षणशास्त्रात ब्लूम नावाच्या अमेरिकन अभ्यासकाची एक शिडी आहे. खालची पायरी लक्षात ठेवणं. मग समजणं. मग वापरणं. मग विश्लेषण, मूल्यमापन, आणि शेवटी नवं काही घडवणं. कंपन्यांचं म्हणणं असं की आमच्याकडे येणारी मुलं पहिल्या दोन पायऱ्यांवर पक्की असतात, आणि तिथेच थांबतात.

बीकॉमचं उदाहरण घेऊ. ‘घसारा म्हणजे काय? प्रकार सांगा.’ ही पहिली पायरी. दहा मार्कांचा प्रश्न, गाइडमध्ये उत्तर तयार. आता दुसरा प्रश्न: ‘या दुकानाचा नफा गेल्या वर्षापेक्षा वाढलाय, तरी मालकाच्या बँकेत पगाराला पैसे नाहीत. हा ताळेबंद, कारण शोधा.’ इथे पाठांतर उपयोगाचं नाही. उधारी किती वाढली बघावं लागेल, गोदामात माल किती अडकलाय बघावं लागेल, कर्जाचा हप्ता किती गेला ते बघावं लागेल. ज्या मुलीला हे शोधता येतं तिला कुठल्याही ऑफिसात काम मिळेल. तिचं इंग्रजी अडखळत असलं तरी.

मग कॉलेजात हे का होत नाही?

याचं मूळ जुनं आहे. १८५७मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास विद्यापीठं स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२चे. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यात होते. तेव्हा मोजकी मुलं होती. आज एकेका विद्यापीठाला शेकडो कॉलेजं जोडलेली असतात. लाखो उत्तरपत्रिका थोड्या आठवड्यांत तपासायच्या तर ‘टिपा लिहा’ सोयीचं पडतं. ‘कारण शोधा’ या प्रश्नाला दहा मुलांची दहा उत्तरं येतात, आणि ती वाचायला वेळ आणि माणूस दोन्ही लागतं.

माणसाचं काय? दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं हजारो शिक्षक ‘अ‍ॅड-हॉक’ म्हणून चार-चार महिन्यांच्या नेमणुकीवर शिकवत होते. डिसेंबर २०१९मध्ये ते मोठ्या संख्येने आंदोलनाला उतरले. त्यानंतरच्या काळात बऱ्याच जागा कायम भरल्या गेल्या. आपल्याकडे महाराष्ट्रात हेच ‘तासिका तत्त्वावर’, म्हणजे सीएचबी, या नावाने चालतं. ज्याला पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो शिक्षक कुठल्या कारखान्यात ओळख काढून मुलांना प्रकल्प मिळवून देणार?

त्यात अभ्यासक्रमाची उलथापालथ. दिल्ली विद्यापीठाने २०१३मध्ये चार वर्षांची पदवी आणली, २०१४मध्ये ती मागे घेतली, २०२२मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाखाली पुन्हा नव्या रूपात आणली, आणि २०२५मध्ये त्या तुकडीचं चौथं वर्ष सुरू झालं. कौशल्याचे पेपर आता अभ्यासक्रमात आले आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण कौशल्याचा पेपरही शेवटी पाठ करूनच द्यायचा असेल तर फक्त पुस्तक बदललं, पायरी तीच राहिली.

आता कंपन्यांनाही दोन प्रश्न

इथपर्यंत कंपन्यांची बाजू. पण तक्रार करणाऱ्यालाही उलटतपासणी द्यावी लागते.

पहिला प्रश्न: पदवीचा दर्जा इतका वाईट आहे, तर तुम्ही पदवी मागता कशाला? १९९७मध्ये जीई कॅपिटलने गुडगावमध्ये आपलं मोठं सेवा केंद्र उभं केलं. तेच पुढे जेनपॅक्ट झालं. त्यामागे बीपीओंची रांग लागली. दिल्लीच्या कॉलेजांतून इतिहास, राज्यशास्त्र, कॉमर्स शिकलेली मुलंमुली रात्रपाळीला जाऊ लागली. इतिहासाचा तिथे काय उपयोग? काम तर कंपनी काही आठवड्यांत स्वतःच शिकवत होती. पदवी ही चाळणी होती: हजार अर्जांचे दोनशे करण्याची सोय. दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे ६० टक्के हवेत, ही आयटी कंपन्यांची अट तीच चाळणी.

हे काही मी पहिल्यांदा सांगत नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९मध्येच सुचवलं होतं की सरकारी प्रशासकीय नोकरीसाठी विद्यापीठाच्या पदवीची अट नसावी. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निवडक क्षेत्रांत पदवी आणि नोकरी यांची फारकत करायची भाषा केली.  आणि दिल्लीत आजही जाहिरात निघते: ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’. ‘कोणत्याही शाखेचा’ म्हणजे तू काय शिकलास याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही! मग मुलगाही मन लावून कशाला शिकेल? तो कागद मिळवायला शिकतो.

दुसरा प्रश्न कांद्याचा. बाजारात कांदा कमी आला की भाव चढतो, हे नाशिकच्या शेतकऱ्यापासून दिल्लीच्या आझादपूर मंडीपर्यंत सगळ्यांना कळतं. चांगल्या मुलांचा एवढा तुटवडा आहे, तर त्यांचा भाव का चढत नाही? मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नव्या मुलाचा सुरुवातीचा पगार दहा-बारा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास होता. आजही तो तिथेच घुटमळतो. कारण दाराबाहेर रांग लांब आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४च्या अहवालात २०२२ची आकडेवारी आहे: तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के, लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. याचा अर्थ शिकून नुकसान होतं असा काढू नका. गरिबाला बेकार बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो. शिकलेला चांगल्या कामाची वाट बघतो. पण यातून एवढं दिसतं की सगळी मुलं उद्या सकाळी हुशार झाली तरी तेवढ्या नोकऱ्या आपोआप उगवणार नाहीत. ‘मुलं लायक नाहीत’ या वाक्यामागे ‘जागाच कमी आहेत’ हे दुसरं वाक्य सोयीने लपतं.

बारावीनंतर थेट कंपनीत

काही कंपन्यांनी विद्यापीठाला वळसाच घातला. नोएडाच्या एचसीएलने २०१७मध्ये ‘टेकबी’ योजना सुरू केली. बारावीला गणित घेतलेली मुलं निवडायची, सुमारे वर्षभर प्रशिक्षण द्यायचं, नोकरीला लावायचं, आणि नोकरी करताकरता बिट्स पिलानी, अ‍ॅमिटी अशा संस्थांतून पदवी घेण्याची सोय करायची. एचसीएलचं केंद्र नागपूरच्या मिहानमध्येही आहे, त्यामुळे विदर्भातल्या अनेकांनी हे नाव ऐकलं असेल.

यात चांगलं काय? ज्या घराला चार वर्षांची फी झेपत नाही त्या घरात अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पगार येतो. काम आणि शिक्षण सोबत चालतं. धोका काय? कंपनी तिला आज लागणारं शिकवते. मुलाला मात्र चाळीस वर्षं काम करायचंय. आजचं सॉफ्टवेअर पाच वर्षांत जुनं होईल; नवं शिकण्याची सवय जुनी होत नाही, आणि ती लावणं हे विद्यापीठाचं काम आहे. म्हणून ‘विद्यापीठांनी कंपन्या सांगतील तेच शिकवावं’ हे मला पटत नाही, आणि ‘विद्यापीठाचा नोकरीशी काय संबंध’ हेही पटत नाही.

मधला रस्ता कायद्यात आहे: शिकाऊ उमेदवारी. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१चा. १९७३मध्ये त्यात इंजिनिअर आले, २०१४मध्ये बीए, बीकॉमवाल्यांनाही दार उघडलं. ३० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं, आणि राष्ट्रीय योजनेत त्या किमान रकमेचा निम्मा भार सरकार उचलतं. २०२५मध्ये यूजीसीने पदवीच्या आतच उमेदवारी बसवण्याची मार्गदर्शक तत्त्वं दिली. म्हणजे खर्च तिघांत वाटायचा: सरकार, कंपनी आणि कॉलेज. आज तो जवळजवळ सगळा आईबापांच्या खिशातून जातो: आधी फी, मग क्लास, मग सर्टिफिकेट.

तुम्ही काय करायचं?

विद्यार्थ्यांनो, तीन गोष्टी. एक, दर आठवड्याला एका खऱ्या प्रश्नावर एक पान लिहा. मराठीत लिहा, मग इंग्रजीत. दोन, एक काम शेवटापर्यंत न्या. गावच्या दूध संस्थेचा हिशोब मांडून द्या, सोसायटीच्या वीजबिलाचं कोडं सोडवा. मुलाखतीत ‘मी हे केलं, इथे चुकलो, असं सुधारलं’ एवढं सांगता आलं तर समोरचा खुर्चीत पुढे सरकून ऐकतो. तीन, दिलेली वेळ पाळा. यादीतला विश्वासूपणा तो हाच.

पालकांनो, प्रवेश घेताना कॉलेजच्या फ्लेक्सवरचं सगळ्यात मोठं पॅकेज वाचू नका. ते एका मुलाचं असतं. विचारा: सगळ्या मुलांना पगारानुसार ओळीत उभं केलं तर मधल्या मुलाला किती मिळाले? गेल्या वर्षी किती जणांनी उमेदवारी केली? कायम शिक्षक किती? उत्तर टाळलं, तर तेच उत्तर समजा.

प्राध्यापकांनो, सगळी प्रश्नपत्रिका तुमच्या हातात नाही, ठाऊक आहे. अंतर्गत परीक्षेतला एक प्रश्न तरी असतो. तो एक प्रश्न ‘कारण शोधा’ असा काढा. आणि कंपन्यांत बसलेले आपले मराठी वाचक, गुरुग्राम-नोएडापासून पुणे-बेंगळुरूपर्यंत, तुमच्याकडे मागणं एवढंच: जाहिरातीतली ६० टक्क्यांची अट काढून त्या जागी एक छोटं, खरं काम द्या. अ‍ॅस्पायरिंग माइंड्सच्याच अहवालांत दिसत होतं की कामाची मुलं मोठ्या संख्येने नामांकित कॉलेजांच्या बाहेर असतात. तुम्ही तिथे जात नाही म्हणून ती तुम्हाला दिसत नाहीत.

आणि भाच्या, तुझ्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला तर या वेळी गप्प बसू नकोस. अदबीने विचार, ‘काका, हा आकडा कोणी काढला, कोणत्या कामासाठी, आणि कोणत्या परीक्षेवरून?’ कंपन्या ज्याला वरच्या पायरीचा विचार म्हणतात, त्याची सुरुवात अशा प्रश्नानेच होते.

भेटू पुढच्या भागात.